खोडाळ्याचं इंजिन

उज्ज्वलाला कुणी "जमेल का?" असं विचारलं की तिचं डोकंच फिरायचं. जव्हारच्या एसटी आगारात ती मेकॅनिक म्हणून लागली, त्या पहिल्याच दिवशी एका जुन्या मेकॅनिकने तिला हा प्रश्न केला होता. तिने त्याच्याच हातातला पाना घेतला आणि बसचा गिअरबॉक्स उतरवून त्याच्या पायाशी ठेवला. त्यामुळे बापाची विलायती गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची असं तिने जाहीर केलं, तेव्हा तिच्या गावात, जामसरात, तोंड उघडून कुणी काही विचारलं नाही. मनातल्या मनात मात्र सगळे विचारत होते, आणि ते तिला स्वच्छ दिसत होतं.

गाडी दोन माणसांची, लांब नाकाची, डोक्यावर छप्पर नसलेली जुनी एमजी. जव्हारला हवा खायला येणाऱ्या एका पारशी शेठची. शेठ ती घाटात पळवायचा तेव्हा माणसं हातातलं काम टाकून रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहायची. उज्ज्वलाचा बाप बुधा हा शेठच्या बंगल्याचा राखणदार. शेठ कायमचा परदेशी निघाला, तेव्हा त्याने किल्ली आणि कागद बुधाच्या हातावर ठेवले, पाठीवर थाप मारली आणि तो गेला. बुधाने गाडी जन्मभर घराच्या पडवीत जपली, पण बिनइंजिनाची. इंजिन त्याने फार पूर्वी खोडाळ्याला, बायकोच्या माहेरी, भात-नागलीच्या गिरणीसाठी देऊन टाकलं होतं. का दिलं, हे उज्ज्वलाने कधी विचारलं नाही आणि घरात कुणी आपणहून सांगितलं नाही.

बुधा वारला आणि पडवीतल्या गाडीकडे पाहून जव्हारचे लोक म्हणू लागले, राखणदाराचं भंगार एकदाचं विकून टाका. ते 'भंगार' उज्ज्वलाला झोंबलं. तिने वाळवीने खाल्लेला लाकडी सांगाडा सुताराकडून सागात नवा करून घेतला, पत्रा स्वतः ठोकला, तारांची चाकं सायकलवाल्याकडे बसून सरळ केली. इंजिनाच्या जागी भंगारातल्या टेम्पोचं डिझेल इंजिन कसंबसं कोंबलं. गाडी चालली आणि झोकात चालली. उज्ज्वला ती शिरपामाळावर घेऊन गेली, तेव्हा तिथले पर्यटक दरीकडे पाठ करून गाडीचे फोटो काढायला लागले. फक्त आवाज टेम्पोचा होता. डोळे मिटून ऐकलं तर कुणी कोबीची पोती घेऊन बाजाराला चाललंय असं वाटायचं.

मुंबईहून जुन्या गाड्यांच्या संघाचे चिटणीस आडनावाचे गृहस्थ आले. एखादी गाडी अस्सल की नाही आणि तिचं मोल काय, हे ते ठरवत. त्यांनी दारं उघडून पाहिली, सागाच्या सांध्यांवरून बोट फिरवलं, चाकांपाशी उकिडवे बसले. "बाई, हे कुठल्या वर्कशॉपमधून करून घेतलंत?"

"माझ्याच," उज्ज्वला म्हणाली.

मग त्यांनी बॉनेट उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला. गाडीच्या अंगावरच्या पितळी पट्टीवर मूळ इंजिनाचा नंबर कोरलेला होता. चिटणीसांनी तो वाचून दाखवला. "या नंबरचं इंजिन असतं, तर मी डोळे झाकून 'अस्सल' लिहिलं असतं. आता मला 'जोडगाडी' लिहावं लागेल. वाईट वाटतं, पण नियम आहे."

"इंजिन आहे की! खोडाळ्याला माझ्या मामाच्या गिरणीत. लाइट गेली की त्याच्यावरच नागली दळतात."

सत्तर वर्षांपूर्वीचं स्पोर्ट्स कारचं इंजिन आणि नागली, ही दोन टोकं चिटणीसांच्या डोक्यात काही केल्या जुळेनात.

"रविवारी थेट खोडाळ्यालाच या," उज्ज्वला म्हणाली. "इंजिन गाडीत बसवून दाखवते." मामाला विचारायला हवं, हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही. मामा काय, घरचाच होता.

दुसऱ्या दिवशी तिने आईला, हिराबाईला, शेजारच्या सीटवर बसवलं आणि मोखाड्यावरून खोडाळा गाठला. माहेरी जायचं म्हणून हिराबाईने नवं लुगडं नेसलं होतं. गिरणीच्या दारात नवसूमामा पीठ झटकत उभा होता. बहिणीला बघून त्याचा चेहरा खुलला. पाणी झालं, चहा झाला. गिरणीच्या मागच्या कोपऱ्यात इंजिन होतं, पिठाने पांढरं झालेलं आणि शेजारच्या पाण्याच्या पिंपाला नळीने जोडलेलं. उज्ज्वलाने त्याच्यावर हात ठेवला आणि सरळ विषयाला हात घातला.

"मामा, बाचं इंजिन परत न्यायला आलेय."

मामाने कप खाली ठेवला. दळायला आलेल्या दोन बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मामा उठला, त्याने गिरणीची मोटार बंद केली.

"पोरी, काय बोललीस तुला ठाव हाये का?"

"काय बोलले? इंजिन परत दे म्हटलं."

"परत म्हनू नको. ह्ये तुझ्या आयेचं देज हाये." मामाचा आवाज कधी नव्हे तो चढला होता. "तुझा बा मागणी घालाया आला, तवा त्याच्याकडं ना भात, ना पैका. माझा बा म्हनला, देज काय देशील? तो म्हनला, मोटारीचं इंजान देतो. त्याच्यावर हिरा तुमच्या घरात गेली. न् देज माघारी कंधी जातं, सांग? नवरा-बायको मोडली की! बाई माघारी येती न् देज माघारी जातं. तू तुझ्या मेलेल्या बापाचं लगीन मोडाया आलीस का?"

उज्ज्वलाने इंजिनावरचा हात काढून घेतला. देज म्हणजे नवऱ्याकडच्यांनी मुलीच्या बापाला द्यायचं मोल, हे तिला ठाऊक होतं. नोकरी लागल्यावर तिने स्वतःच्या लग्नात ते घेऊ दिलं नव्हतं. आपल्या आईचं देज गिरणीत उभं आहे, हे मात्र या वयात, चारचौघांत तिला कळत होतं. तिने आईकडे पाहिलं. हिराबाई नागलीच्या पोत्यावर बसली होती आणि लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत होती.

"नेऊ दे तिला," ती भावाला म्हणाली. "गाडी तिची हाये. मी ऱ्हाते हितंच. एक कोपरा देशील ना?"

"आये, वेड्यासारखं काय बोलतेस?"

"येड्यासारखं कसं? या गावातल्या पोरींचं देज म्हंजे पोत्यांनी भात न् हातावर थोडे पैसे. खाऊन सपलं, कुनाला याद पन नाय. माझं देज अजून आवाज करतंय. लाइट गेली की बाया म्हनतात, हिराबाईचं इंजान चालू करा. मी जामसरात चुलीपाशी राबत ऱ्हायले, पन हितं माझं नाव रोज निघतं." हिराबाईने काठ सोडला. "माझ्याकडं दुसरं काय हाये दाखवाया?"

उज्ज्वला बाहेर आली आणि गाडीच्या पायरीवर बसली. तिला लाज वाटली, आणि लाजेच्या जोडीला हट्टही तितकाच वाटत होता. बापाच्या गाडीला कुणी जोडगाडी म्हणावं हे तिला सहन होत नव्हतं. आईने स्वतःसाठी भावाच्या घरातला कोपरा मागावा, हे तर त्याहून नव्हतं. दोन्हींतलं एक सोडायचं असेल तर गाडीचा नंबर सोडायचा, यात तिला शंका नव्हती. चिटणीसांना फोन करून 'येऊ नका' सांगायला तिने मोबाइल काढलाही.

पण ती उज्ज्वला होती. नट गंजला म्हणून तिने कधी बस उभी ठेवली नव्हती. नट उलटा फिरत नसेल तर सुलटा फिरवून बघायचा, हे ती आगारातल्या नव्या पोरांना रोज सांगायची. परत मागता येत नाही ना? मग परत मागायचंच नाही.

तिने मोबाइल खिशात टाकला. गाडीतल्या बाटलीच्या पाण्याने हातपाय धुतले, ओढणी डोक्यावर घेतली आणि अंगणाबाहेर जाऊन, परक्यासारखी परत येऊन दाराशी उभी राहिली.

"घरात कोन हाय का? पावने आलेत."

नवसूमामाने कपाळाला आठ्या घातल्या. "आता काय नवीन?"

"तुमच्या घरात एक लेक हाये, असं कानावर आलं. मागनी घालाया आलो."

क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. मग मामाची नजर कोपऱ्यातल्या इंजिनाकडे गेली, तिथून दारातल्या गाडीकडे. आठ्या सैल होत गेल्या. पण तोसुद्धा मुरलेला माणूस, लगेच हो कशाला म्हणेल?

"लेक म्हातारी हाये आमची."

"नवरापन कुठं तरना हाये?"

"रॉकेल पिते."

"आमच्या घरी पेट्रोल पाजू."

पोत्यावर बसलेल्या हिराबाईचे खांदे हलायला लागले. आधी उज्ज्वलाला वाटलं आई रडतेय. मग हिराबाईने तोंडावरचा पदर काढला, आणि ती हसत होती. दळायला आलेल्या बायकाही खो खो हसू लागल्या.

"देज काय देशील?" मामाने विचारलं.

"टेम्पोचं डिझेल इंजान. रॉकेलपेक्षा कमी खातं, दुप्पट वढतं. न् बिघडलं तर आगारातली मेकॅनिक जन्मभर फुकट."

मामाने बहिणीकडे पाहिलं. या घरातून ते इंजिन जायचं की नाही, हे ठरवायचा हक्क तिचा एकटीचाच होता.

"परत मागाया आली असती, तर दिलं नसतं," हिराबाई सावकाश म्हणाली. "मागनी घालून नेतेय तर नेऊ दे. माझं देज माझ्या बापाच्या घरात आलं, न् ऱ्हायलं. आता ती या घरची लेक म्हनून जाईल. पन लगीन रीतीनं झालं पायजे. गौराबाईला बोलवा."

गौराबाई ही धवलेरी. या भागात लग्नं लावते ती बाई, लग्नाची गाणी गाऊन. तिने आजवर कितीतरी जोड्या जुळवल्या होत्या. इंजिनाचं आवतण तिला पहिल्यांदाच आलं. तिने गाडीला एक फेरी मारली, नवऱ्याचं अंग ठाकठीक आहे ना ते पाहिलं आणि 'लावते' म्हणाली.

शनिवारी उज्ज्वलाचे आगारातले सोबती वऱ्हाडी म्हणून आले, येताना इंजिन उचलायची साखळीची चेनपुली घेऊन. आंब्याच्या जाड फांदीला ती टांगली. टेम्पोचं इंजिन उतरलं आणि गिरणीत बसलं. रविवारी सकाळी गौराबाईने जुन्या इंजिनाला हळद लावली, गाणं धरलं आणि सगळा खोडाळा अंगणात लोटला. त्यात चिटणीस पोहोचले. त्यांना आधी कळेचना, की इथे गाडी जुळवतायत की लग्न लागतंय. कुणीतरी त्यांच्या हातात तांदूळ दिले.

इंजिन साखळीवर लटकत असतानाच ते पुढे झाले आणि रुमालाने त्याच्या अंगावरची पितळी पट्टी पुसायला लागले.

"हळद हाये ती, सायब," हिराबाई म्हणाली. "नंबर वाचा, पन हळद पुसू नका."

चिटणीस ओशाळले. त्यांनी वाकून, चष्मा वर करून, हळदीतूनच नंबर वाचला. मग गाडीवरचा वाचला. मग पुन्हा इंजिनाचा. मागे वळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर निकाल दिसतच होता. "अस्सल," ते म्हणाले. वऱ्हाडातून टाळ्या पडल्या आणि चिटणीसांनी हातातले तांदूळ इंजिनावर टाकले.

जेवताना हिराबाई त्यांच्याशेजारी येऊन बसली. "सायब, तुमच्यात जुनं झाल्यावर किंमत वाढती म्हनतात, खरं का?"

"खरं आहे, आजी. आणि जुनं असून कामात असेल, तर आणखी वाढते."

"ऐकलंस का रे नवसू?" ती भावाला म्हणाली. "देज कमीच मागितलंस."

दिवस कलायच्या आत उज्ज्वलाने शेवटचा नट आवळला. पेट्रोल भरलं, किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि तिसऱ्यांदा असं धरलं, की आगारातली पोरं ओरडलीच. आता कोबीचा आवाज नव्हता. भरदार, मोकळा, जिवंत आवाज होता, आणि गिरणीतून ऐकून ऐकून तो ओळखणाऱ्या बायका दारादारांत उभ्या राहून त्याला निरोप देत होत्या. नवसूमामाने बॉनेटवर हात ठेवला आणि डोळे पुसले. पीठ गेलं म्हणाला. त्या दिवशी गिरणी बंद होती.

हिराबाई पदर खोचून सीटवर बसली. मोखाड्याच्या चढाला गाडी लागली, इंजिनाने सहज ओढलं, आणि उज्ज्वलाची छाती अभिमानाने भरून आली. पण आई लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत होती.

"काय गं आये? माहेर सुटलं म्हणून?"

"नाय." हिराबाई समोर बघत होती. "माझ्या लग्नात ह्ये येळंवर आलंच नव्हतं. बैलगाडीचा आस मोडला होता. तुझ्या बाच्या शब्दावर लगीन लावलं. दुसऱ्या दिवशी मी रडत जामसरला चालत निघाले, न् ह्याच चढावर बैलगाडी समोरनं आली. ह्ये त्याच्यात आडवं पडलं होतं, काळं, तेलकट. बाया म्हनल्या, बघ हिरे, तुझं देज. मी बघितलंच नाय. एवढा राग आला होता. मनात म्हनलं, तू माझ्या घरी चाललंस म्हनून मला परक्या घरी जावं लागतंय."

उज्ज्वलाला समोरचा रस्ता धूसर दिसायला लागला. तिने गिअर बदलला आणि गाल खांद्याला पुसले. हिराबाई पुढे वाकली आणि इंजिनाची धग येत होती तिथे, पायांजवळच्या पत्र्यावर तिने तळवा टेकवला.

"चल गं बाई," ती त्याला म्हणाली. "आज दोघी एकाच घरी चाललो."