माझी चौथी ओळ

ताई गेल्याचे कळले तेव्हा मी पडद्यावर उघडीच होते. सोमवारची सकाळ होती. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत साहेबांनी फोन ठेवला आणि एवढेच म्हणाले, "ताई गेल्या." कोणी कीबोर्डला हात लावला नाही. थोड्या वेळाने पडदा आपोआप काळा झाला आणि मी आत राहिले.

मित्रांनो, मी नऊ ओळींची एक टीप आहे. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारे मला कॉमेंट म्हणतात. प्रोग्रॅमच्या बाकीच्या ओळी यंत्रासाठी असतात, मी माणसांसाठी आहे. माझ्या आधी एक तिरकी रेघ आणि दोन तारे, माझ्या शेवटी एक तारा आणि तिरकी रेघ. या दोन कुंपणांच्या मध्ये मी कोंडलेली आहे. यंत्र कुंपणापाशी येते आणि मला ओलांडून पुढे जाते. मी कितीही ओरडले तरी त्याला ऐकू येत नाही. माणूस वाचेल तेव्हाच माझा उपयोग.

माझ्या खालचा प्रोग्रॅम चढावरच्या दवाखान्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ठरलेल्या वेळाने बंद करतो. कचेरीचे प्रोग्रॅम ताई लिहीत. मला त्यांनी घरी, जेवणाच्या टेबलावर लिहिले. समोर त्यांचे यजमान मटार सोलत होते. ते पंपघरात पंप चालवतात. कचेरीत सगळे त्यांना भाऊजी म्हणतात. ताईंची रीत अशी, की टीप आधी भाऊजींना वाचून दाखवायची. त्यांना कळली तर ठेवायची, नाहीतर पुन्हा लिहायची. मला त्यांनी तीनदा लिहिले.

पहिल्या ओळीत काम काय, ते एका वाक्यात सांगायचे. मग प्रोग्रॅमला बाहेरून काय द्यायचे आणि कोणत्या मापात. मग बिघडले तर काय होईल ते. जे प्रोग्रॅम वाचून दिसतेच ते पुन्हा लिहायचे नाही, जे दिसत नाही ते लिहायचे. माझ्या चौथ्या ओळीत त्यांनी लिहिले : वेळ मिनिटांत द्यावा.

"एवढं नीट मला बाजारात पाठवताना सांगत नाहीस," भाऊजी म्हणाले.

"तुम्ही चुकलात तर परत पाठवता येतं," ताई म्हणाल्या. "पाण्याचं तसं नाही."

आणि प्रोग्रॅम ज्या दिवशी बदलेल त्याच दिवशी टीपही बदलायची, हा त्यांचा सगळ्यात कडक नियम होता. नवव्या ओळीत त्यांनी आपले नाव घातले.

आठ वर्षे माझी चांगली गेली. कचेरीत नवा माणूस आला की साहेब त्याला माझ्यापुढे बसवत आणि म्हणत, टीप कशी असावी ते बघा. मला ते ऐकायला आवडे.

ताई गेल्यानंतर पंधरा दिवसांनी भाऊजी त्यांचे सामान न्यायला आले. चष्म्याचे घर, एक स्वेटर, चहाचा मग. साहेबांनी त्यांना पडद्यावर मला दाखवले. भाऊजींनी बोट ठेवून नऊच्या नऊ ओळी वाचल्या. नावापाशी बोट बराच वेळ थांबले. मग ते म्हणाले, "एवढं राहू द्या. कोणी हात लावू नका."

साहेबांनी लगेच माझ्या डोक्यावर आणखी एक ओळ लिहिली : या टिपेला हात लावू नये. त्यांचा हेतू चांगला होता, पण कुंपणाला कुलूप लागले.

पुढच्या वर्षी नवे व्हॉल्व्ह आले. ते सेकंदांवर चालणारे होते. इंजिनिअरने खालचा प्रोग्रॅम बदलला आणि माझ्या चौथ्या ओळीपाशी आला. त्याच्या कर्सरची खूण तिथे लुकलुकत राहिली. त्याने डोक्यावरची ओळ वाचली, "ताईंचं आहे, राहू दे," असे पुटपुटला आणि निघून गेला. त्या दिवसापासून मी खोटे सांगते आहे, आणि तेही ताईंच्या नावाने.

मग कचेरीत नवीन बाई आल्या. त्यांनी मला मन लावून वाचले आणि मिनिटे समजून पंधराचा आकडा दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे व्हॉल्व्ह पंधरा सेकंद उघडला आणि बंद झाला. दवाखान्याची टाकी कोरडी पडली. भाऊजींनी व्हॉल्व्हचे चाक हाताने फिरवून पाणी सोडले, तोवर नऊ वाजले होते.

ते तसेच भिजल्या कपड्यांनी कचेरीत आले. नवीन बाई रडवेल्या झाल्या होत्या. "मी टीप वाचूनच आकडा दिला, भाऊजी. ताईंनी मिनिटं लिहिलंय."

भाऊजींनी पुन्हा बोट ठेवून मला वाचले. "आमच्या हिनं चुकीचं लिहिलं नव्हतं," ते म्हणाले.

साहेबांनी खालमानेने सांगितले, की नंतर प्रोग्रॅम बदलला आणि टीप तशीच ठेवली. तुम्हीच म्हणाला होतात, हात लावू नका.

"म्हणालो होतो. चुकलं माझं. ती असती तर त्याच दिवशी बदलली असती."

साहेबांनी कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. भाऊजींनी डोक्यावरची ओळ पुसली. कुलूप गेले. मग ते चौथ्या ओळीवर आले. 'मिनिटांत' या शब्दाच्या शेवटी खूण लुकलुकत होती. त्यांचे बोट पुसायच्या बटणावर होते. ते दाबले गेले नाही. "उद्या येतो," म्हणाले आणि कामावर गेले.

मित्रांनो, कोणाची आठवण म्हणून टीप जपू नका. खालचे काम बदलले की तिलाही बदला, त्याच दिवशी, त्याच हाताने. खरे राहणे हीच तिची निगा. ताईंना माझे शब्द प्रिय नव्हते, दवाखान्याचे पाणी प्रिय होते.

आज अकरा दिवस झाले. नवीन बाईंनी आपल्या पडद्याच्या कडेला 'सेकंद' लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे. माझ्या शब्दाला त्या हात लावत नाहीत, भाऊजींची वाट पाहतात. चौथी ओळ अजून बदललेली नाही.