बारा पांढरे दगड

छावणीच्या मागच्या फाटकाबाहेर, जुन्या गोळीबार-मैदानाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर, रविवारी सकाळी दीड-दोनशे माणसं जमली होती. जवान होते, त्यांच्या बायका होत्या, निवृत्त सुभेदार घडीच्या खुर्च्या घेऊन आले होते. आयुष्यभर रायफलीचा स्क्रू न् स्क्रू तपासल्याशिवाय ती खांद्याला न लावणारी ही माणसं, आणि आज एका उघड्याबंब माणसाच्या फुंकरीसाठी रांग लावून उभी होती.

फुंकरबाबा एका ओट्यावर बसला होता. हातात हातभर लांबीची तांब्याची नळी. एक टोक समोरच्याच्या तोंडात, दुसरं आपल्या. गाल फुगवून फुंकायचा आणि मग सुरू व्हायचा.

"घे बेटा. हा माझा दम नाही, हा वाऱ्याचा दम आहे. वारा कधी धापा टाकतो का? नाही टाकत. चरबी म्हणजे काय? अडकलेला वारा. साखर म्हणजे काय? आंबलेला वारा. मी फक्त वाट मोकळी करतो."

साखर म्हणजे आंबलेला वारा. हे ऐकून दोनशे माना डोलल्या. यातल्या निम्म्या मानांवर सरकारनं शिकवण्यासाठी चांगली पंचवीस-पंचवीस वर्षं खर्ची घातली होती.

रांगेतला तिसरा माणूस म्हणजे कोठी-हवालदार. बुटाच्या नाडीपासून तंबूच्या खुंटीपर्यंत सगळं सामान त्याच्या कोठीतून जायचं, म्हणून छावणी त्यालाच कोठी म्हणायची. वय बेचाळीस. सतरा वर्षं खुर्चीत बसून काढलेली, त्यामुळे पट्ट्याचं शेवटचं भोकही आता पुरत नव्हतं. त्यानं नळी तोंडात घेतली, बाबानं फुंकर मारली आणि छातीत गारेगार काहीतरी पसरत गेलं. नाक, घसा, सगळं एकदम मोकळं. कोठीचे डोळे भरून आले.

मग तो धावला. सुरुवातीच्या खुणेपासून पुढे रस्त्याच्या कडेला चुन्यानं रंगवलेले बारा दगड होते, प्रत्येकावर काळ्या रंगात आकडा. दोन दगडांमध्ये दोनशे मीटर, एकूण दोन हजार चारशे, म्हणजे दर तीन महिन्यांच्या फिटनेस टेस्टला जेवढं धावावं लागतं तेवढंच. बाराव्या दगडापाशी कोठीनं स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ दाबलं. बारा मिनिटं पाच सेकंद.

टेस्टची मर्यादा तेरा मिनिटांची होती. मागच्या दोन्ही टेस्टना कोठीला सोळाच्या वर लागली होती.

त्याला रस्त्यातच रडू फुटलं. लोकांनी बाबाचे पाय धरायला एकच गर्दी केली. घड्याळ बाबाचं नव्हतं, कोठीचं स्वतःचं होतं, मग आता शंका घ्यायला जागा कुठे उरली?

कोठीला हसण्याआधी त्याची अवस्था समजून घ्या. दोनदा नापास झालेल्याला तिसरी संधी शेवटची. तिसऱ्यांदा नापास म्हणजे वर्दी उतरवून घरी. त्याला दुसरं काही येत नव्हतं. रक्तात साखर निघाली तेव्हा डॉक्टर मॅडमनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं होतं, "रोज पाऊण तास झपझप चाला. दोन महिन्यांनी हळूहळू धावायला लागा. पोटाचा घेर आणि दम, दोन्ही सुधारतील, पण वेळ लागेल." कोठी तीन आठवडे चालला. वजन जेमतेम एक किलो हललं. टेस्टला उरले होते दोन महिने, आणि मॅडमचा उपाय मागत होता सहा. माणूस गळ्यापर्यंत बुडालेला असला की हातात काय येतंय ते बघत बसत नाही.

बाबाच्या अटी दोनच. सराव याच सिद्ध रस्त्यावर करायचा, आणि औषधं बंद. "एका छातीत दोन दम नांदत नाहीत, बेटा. टेस्टच्या दिवशी मनात शंका आली तर दम उडून जाईल, मग मला बोल लावू नकोस."

किती सोयीची अट बघा. आधीच्या टेस्टला बाबाचे आठ भक्त धावले होते. तीन तरणेबांड पास झाले, जे एरवीही झालेच असते. त्यांनी छावणीभर डंका पिटला. पाच नापास झाले आणि गप्प बसले. आपल्याच मनात पाप होतं, हे चारचौघांत कोण सांगणार?

कोठीनं गोळ्यांची पाकिटं ट्रंकेच्या तळाशी टाकली. एवढ्यावर थांबला असता तर गोष्ट त्याच्यापुरती राहिली असती. पण त्याचा एक जिवाभावाचा दोस्त होता, ड्रायव्हर. पंधरा वर्षांची जोडी. त्याची साखर जुनी, रोज इन्सुलिनचं इंजेक्शन. त्यामुळे त्याला गाडीवरून उतरवून गॅरेजमध्ये टायर मोजायला बसवलं होतं, आणि तो आतून पार कुढत होता.

"कोठ्या, मला फक्त एकदा परत स्टिअरिंग हातात घ्यायचंय रे," तो म्हणायचा.

"मग चल माझ्याबरोबर," कोठी म्हणाला. "घड्याळ तुझंच लाव. खोटं निघालं तर माझं नाव बदल."

ड्रायव्हर आला. धावला. स्वतःचं घड्याळ बघून बराच वेळ रस्त्याच्या कडेला बसून राहिला. घरी जाऊन त्यानं इंजेक्शनं बायकोच्या हातात दिली आणि म्हणाला, ठेवून दे, आता लागणार नाहीत.

पुढच्या पंधरवड्यात कोठीला सारखी तहान लागायची, तळपायांना मुंग्या यायच्या. बाबा म्हणाला, आंबलेला वारा बाहेर पडतोय. ड्रायव्हरच्या टाचेला धावून धावून फोड आला होता, तो चिघळून काळा पडला. बाबा म्हणाला, विष उतरतंय. त्या माणसाकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असायचं, आणि सगळ्या उत्तरांत वारा असायचा.

टेस्टला आठ दिवस राहिले असताना ड्रायव्हर गॅरेजमध्ये कोसळला.

कोठी धावत इस्पितळात गेला. ड्रायव्हर बेशुद्ध होता, श्वास खोल आणि भरभर चाललेला, तोंडाला सडक्या फळासारखा वास. बाहेर बाकावर त्याची बायको बसली होती. कोठीला बघून ती उठली नाही.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुम्हीच नेलंत ना त्यांना तिथे?"

 कोठीला वाटलं, तिनं शिव्या घालाव्यात, चार थोबाडीत माराव्यात. ती नुसती बघत राहिली.

डॉक्टर मॅडम बाहेर आल्या. तरुण बाई, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "इन्सुलिन बंद केल्यामुळे रक्त आंबटलंय. पायात जंतू भरलेत. वाचवायचा प्रयत्न चालू आहे, याहून जास्त आज काही सांगत नाही." मग त्यांनी कोठीकडे निरखून पाहिलं. "तुमच्याही गोळ्या बंद आहेत?"

कोठीनं मान खाली घातली. पण बुडत्याची पकड अशी सहज सुटत नाही. तो पुटपुटला, "मॅडम, माझी वेळ चार मिनिटांनी सुधारली. फुंकरीनं छाती मोकळी होते, मी स्वतः अनुभवलंय."

"पुदिन्याच्या अर्कात बोळा भिजवून नळीत ठेवला की कुणाचीही छाती गार पडते. गार वाटतं, हवा एक घोटही जास्त जात नाही. दम म्हणजे काय, हवालदार? हृदय रक्त किती पुढे ढकलतं आणि स्नायू त्यातला प्राणवायू किती वापरतात, एवढंच. ते कुणी फुंकून भरत नाही. रोज थोडं थोडं कमवावं लागतं. तोच कमावलेला स्नायू साखर जाळतो."

"पण घड्याळ तर माझंच होतं."

मॅडम म्हणाल्या, "घड्याळ तुमचं. आणि अंतर कोणाचं?"

कोठी कोठीत आला आणि खुर्चीवर बसून राहिला. अंतर कोणाचं? दगडांचं. दगड कोणी मोजले? कोणीच नाही. कशाला मोजतील? सैन्यात चुना लागला की दगडसुद्धा अधिकारी होतो. पांढरा रंग आणि काळा आकडा दिसला की जवान प्रश्न विचारत नाही, पाय उचलतो. वीस वर्षं पांढऱ्या दगडांच्या मधून चाललेल्या माणसांना त्या दगडांवर टेप लावायचं सुचणारच नाही, हे बाबानं बरोबर हेरलं होतं.

आणि मग त्याला आठवलं. चार महिन्यांपूर्वी बाबाचा एक चेला आला होता. ओट्याला रंग द्यायचा म्हणून चुन्याची गोणी आणि दोन ब्रश मागितले होते. कोठीनं देवाचं काम म्हणून ते गुपचूप दिले होते. ओट्याला तो चुना कधी लागलाच नव्हता.

रविवारी सकाळी पुन्हा दीड-दोनशे माणसं जमली. कोठी हातगाडीवर एक ड्रम घेऊन आला. फील्ड टेलिफोनची वायर, सरळ चारशे मीटर. मागच्याच वर्षी सिग्नलवाल्यांनी कमी भरते म्हणून तक्रार केली, तेव्हा त्यानं हाच ड्रम छावणीच्या ट्रॅकवर उलगडून पाहिला होता. बरोबर एक फेरी भरली होती.

"हे काय आणलंस बेटा?" बाबानं विचारलं.

"वायर. सुरुवातीच्या खुणेपासून दोन नंबरच्या दगडापर्यंत चारशे मीटर. ड्रम तिथे रिकामा व्हायला पाहिजे."

"सिद्ध भूमीला धातू लागू नये. दम कोपेल."

"तुमची नळी तांब्याचीच आहे की," कोठी म्हणाला आणि वायरचं टोक खुणेला बांधून चालू लागला.

लोक मागे निघाले. आधी कुजबुज होती, मग तीही थांबली. फक्त ड्रमची करकर. कोठी मनातल्या मनात विनवत होता की वायर संपू दे. ऐका, अगदी अजूनही तो हेच मागत होता. वायर संपली तर फुंकर खरी, वर्दी शाबूत, आणि ड्रायव्हरला त्यानं मृत्यूच्या दारात नेलेलं नाही.

दोन नंबरचा दगड आला. ड्रमवर वायर उरली होती. त्यानं ती सगळ्यांसमोर पुढे उलगडली. पावलांनी मोजली तर शंभर मीटर.

निवृत्त सुभेदारांपैकी एक जण बोटांवर हिशेब करत म्हणाला, "म्हणजे दोनशेच्या जागी दीडशे. बारा दगडांचे अठराशेच मीटर."

"भक्तासाठी वाट स्वतःहून आखूड होते," बाबा ओट्यावरून ओरडला. "हीच तर लीला."

"आखूड झालीच आहे," कोठी म्हणाला. "दगडामागे पन्नास मीटरनं. आणि दगडांवरचा चुना माझ्या कोठीतला आहे. मी दिला. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा, पण आधी ती नळी उघडा."

एका जवानानं बाबाच्या हातातून नळी घेऊन आपटली. आतून हिरवट ओला बोळा पडला. इतका वेळ वाऱ्याबद्दल बोलणाऱ्या त्या माणसाला पळताना दोनशे मीटरमध्येच धाप लागली, आणि फाटकावरच्या पहारेकऱ्यानं त्याला सहज धरलं.

दुसऱ्या दिवशी टेस्ट झाली. कोठी ट्रॅकवर सहा फेऱ्या धावला. मधे दोनदा चालला. वेळ लागला सोळा मिनिटं चाळीस सेकंद. घरी पाठवण्याचे कागद त्याच दुपारी तयार झाले.

संध्याकाळी तो इस्पितळात गेला. ड्रायव्हर दोन दिवसांपूर्वी शुद्धीवर आला होता. उजवा पाय घोट्यापासून काढावा लागला होता. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर ज्या पायानं दाबायचे, तोच.

"किती लागली?" ड्रायव्हरनं विचारलं.

"सोळा-चाळीस."

"कुठे धावलास?"

"ट्रॅकवर."

"मोजलेल्या?"

"मोजलेल्या."

 ड्रायव्हर छताकडे बघत म्हणाला, "मला न्यायच्या आधी मोजलं असतंस तर बरं झालं असतं रे." त्या आवाजात राग नव्हता, आणि तेच कोठीला सोसवेना. तो पलंगाच्या दांडीला कपाळ टेकून रडला.

वर्दीतल्या शेवटच्या दिवशी कोठी परवानगी घेऊन मागच्या रस्त्यावर गेला. सकाळची गोळी घेतली होती, पाऊण तास चालून झालं होतं. त्यानं बाराही दगड उपटले, टेपनं मोजून दोनशे-दोनशे मीटरवर रोवले आणि नव्यानं चुना दिला. नव्या भरतीची एक तुकडी पळत आली आणि त्याला बघून थांबली.

"आता बरोबर आहेत ना, हवालदारसाहेब?" एकानं विचारलं.

कोठीनं खिशातला टेप काढून त्याच्या हातात ठेवला.

"मी सांगतो म्हणून मानू नका," तो म्हणाला. "दगड कोणीही रंगवला असेल, कोणीही रोवला असेल, मीसुद्धा. आधी मोजा, मग धावा."