सुभेदाराचा बाप

लोकांच्या कुत्र्यांबद्दल शेजाऱ्यांची तक्रार असते, की फार भुंकतात. आमच्या सुभेदाराबद्दल तक्रार होती, की हा भुंकत का नाही. समोरच्या सोसायटीतल्या एका काकूंनी मला भाजीच्या गाडीवर गाठून विचारलं, "अहो, आजारी आहे का तो? नुसता बघत बसतो." मी म्हटलं, "तुम्हीही बसताच की बाल्कनीत." त्यानंतर काकू दुसऱ्या गाडीवरून भाजी घेऊ लागल्या.

मी मूळची कसबा पेठेतली, त्यामुळे बोलणं हे असं. लग्न होऊन आले हडपसरच्या पुढच्या एका गावात. आता त्याला गाव म्हणायचं नाही, ते पालिकेत गेलंय. आमच्या उसाच्या जागी टॉवर उभे राहिले आणि उरलेल्या तुकड्यावर, घराला लागूनच, माझा नवरा इंद्रजीत मंगल कार्यालय चालवतो. ज्यांनी जन्मभर तो ऊस केला ते माझे सासरे, आप्पासाहेब, कार्यालयाच्या गेटजवळ खुर्ची टाकून परक्यांच्या वराती बघत बसायचे. हाताला काम नाही, हे त्यांचं दुखणं होतं आणि ते डॉक्टरला दाखवण्यासारखं नव्हतं.

मग सुभेदार आला. पूर्वी दिवाळी झाली की दत्तोबा धनगराच्या मेंढ्या आमच्या शेतात बसायच्या. त्यांच्या लेंड्यांचं खत रानाला मिळायचं आणि दत्तोबाला धान्य. शेतच गेल्यावर मेंढ्या यायच्या थांबल्या, पण आप्पा वर्षातून एकदा दिवेघाट चढून दत्तोबाला भेटायला जायचे. अशाच एका खेपेला ते पिल्लू घेऊन आले. राखाडी, लांब पायांचं, पिवळट डोळ्यांचं. गाडीतून उतरतानाच आप्पा म्हणाले, "लांडग्याचं हाय. दत्तोबाच्या कुत्रीला लांडगा लागला व्हता."

तेव्हापासून त्या खुर्चीभोवती माणसं जमायला लागली. लग्नाला आलेले पाहुणे जेवण झालं की नवरा-नवरीपेक्षा सुभेदाराबरोबर फोटो काढायचे. आप्पांनी त्याला रुंद चामडी पट्टा आणला, जाड साखळी आणली, खायला कच्चं मटण ठरवलं. "लाड करायचा न्हाय त्येचा. त्यो काय कुत्रं हाय व्हय?" असं म्हणून ते कुणाला त्याच्या अंगावरून हात फिरवू द्यायचे नाहीत, स्वतःही फिरवायचे नाहीत.

मला चौकशा करायची भारी हौस. मी लांबून त्याचा अभ्यासच मांडला होता. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं म्हणतात, याचं नळीवाचूनच सरळ. रात्री साखळी सोडली की उरलेलं मटण तो कुंडीतल्या मातीत पुरायचा, त्यात माझी दोन मोगऱ्याची झाडं गेली. सोलापूर रोडवरून ॲम्ब्युलन्स गेली की मान वर करून असा लांब सूर लावायचा, की मांडवातला सनईवाला थांबून ऐकत राहायचा. पण विजेच्या कडकडाटाला घाबरून माझ्या ओट्याखाली शिरणाराही तोच होता. म्हणजे नक्की काय आहे हा? मला खरंच कळत नव्हतं, आणि न कळणं मला सहन होत नाही.

आमच्याकडे वाढदिवसाला फ्लेक्स लावतात. पुढाऱ्याचा, पुढाऱ्याच्या पोराचा, शर्यतीच्या बैलाचा, कुणाचाही. सुभेदार दोन वर्षांचा झाला तेव्हा इंद्रजीतच्या मित्रांनी चौकात भलामोठा फ्लेक्स चढवला. मध्ये सुभेदार, खाली गॉगल घातलेल्या शुभेच्छुकांच्या रांगा, आणि वर मजकूर: "लांडग्याचा वारस, गावाची शान, सुभेदार यांस वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा!" छापायच्या आधी तो माझ्याकडे शुद्धलेखनासाठी आला होता. मी शुभेच्छांमधला 'भे' नीट करून दिला. आपण गुन्ह्याचा कबुलीजबाब तपासतोय, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्याच आठवड्यात वनखात्याची जीप गेटमधून आत आली. अधिकारी बाई तरुण होत्या, नाव उत्कर्षा, मूळच्या चंद्रपूरच्या. त्यांच्या फोनमध्ये आमच्या फ्लेक्सचा फोटो होता.

"हा मजकूर कुणाचा?"

"मॅडम, ते जस्ट मार्केटिंग आहे," इंद्रजीत म्हणाला. "कार्यालयाची पब्लिसिटी. साधा डॉग आहे तो."

"साधा कसा?" खुर्चीतून आप्पांचा आवाज आला. "लांडगाच हाय त्येचा बाप. मी खोटं कशापायी बोलू?"

इंद्रजीतनं कपाळावर हात मारला. मी मात्र कितीतरी दिवस मनात असलेला प्रश्न विचारून घेतला. "मॅडम, समजा अर्धाअर्धा असेल, तर कायद्यानं तो कोण?"

उत्कर्षा मॅडम पहिल्यांदाच जराशा हसल्या. "तोच तर घोळ आहे ताई. वन्यजीव कायद्यात लांडगा आहे. त्याला पकडता येत नाही, पाळता येत नाही. पालिकेच्या नियमात कुत्रा आहे. त्याचा परवाना काढा, लस टोचा आणि खुशाल पाळा. मधल्याचं वेगळं नाव मला तरी कुठे सापडलेलं नाही. पण याच्यात लांडग्याचं रक्त निघालं, तर मी तो तुमच्या घरी ठेवू देऊ शकणार नाही."

"मग रानात सोडाल?" मी विचारलं.

"नाही. तिथे तो लांडग्यांमध्ये मिसळेल आणि त्यांची पुढची पिलं कुत्र्याची व्हायला लागतील. आधीच लांडगे थोडे उरलेत. याला आमच्या प्राण्यांच्या केंद्रात ठेवावं लागेल. जागा मोठी असते, देखभाल चांगली असते. पण कुंपणाच्या आत, कायमचं."

म्हणजे कुत्रा म्हणून घरात नाही आणि लांडगा म्हणून रानात नाही. मी सुभेदाराकडे बघितलं. तो मॅडमच्या बुटांचा वास घेत होता.

त्यांच्याबरोबरच्या डॉक्टरांनी त्याचं थोडं रक्त काढून घेतलं. तपासणीचं कळेपर्यंत त्याला गेटबाहेर काढू नका, असं बजावून जीप गेली. आप्पांनी स्वतः उठून गेट लावलं. मग मला म्हणाले, "खरंच न्हेतील का गं त्येला?"

"लांडगा निघाला तर नेतील."

"मी आपलं म्हनलो ओघात," आप्पा म्हणाले, आणि मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून अख्खं गाव फिरलं. ज्यांनी सुभेदाराच्या बापाला स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याच्या शपथा घेतल्या होत्या, ते आता छातीठोक सांगायला लागले की असली कुत्री हडपसरच्या मंडईमागे पैशाला पासरी मिळतात. फ्लेक्स उतरला. इंद्रजीतनं सुभेदाराला भुंकायला शिकवायचा घाट घातला. मॅडम पुन्हा आल्या आणि हा दोनदा जरी भुंकला, तरी अर्धं काम होईल, असं त्याचं म्हणणं. रोज सकाळी माझा नवरा अंगणात उकिडवा बसून भुंकायचा आणि सुभेदार मान तिरकी करून ऐकायचा. एकदा एका लग्नघरची मंडळी कार्यालय बघायला आली होती, ती हे दृश्य पाहून तशीच परत गेली.

मला भुंकण्यापेक्षा पुरावा हवा होता. मी आप्पांना म्हटलं, "चला, दत्तोबांना विचारू. त्यांनी काय पाहिलं ते त्यांनाच माहीत." आप्पा लगेच उठले. दिवेघाट चढून, सासवड मागे टाकून आम्ही माळावर पोचलो. दत्तोबा एका बाभळीखाली घोंगडी टाकून बसला होता. आप्पांना बघून त्याला आनंद झाला. चहा झाला, मेंढ्यांची चौकशी झाली, आणि मग आप्पांनी विचारलं, "दत्तोबा, त्या पिल्लाचा बाप लांडगाच ना रं? तू बघितला व्हता ना?"

दत्तोबा गोंधळला. "म्या? म्या कुठं बघितला मालक? तुमीच म्हनलासा, ह्ये लांडग्याचं दिसतंय. म्या म्हनलो, आसंल."

"आसंल म्हनलास?"

"मग काय म्हनू? तुमी येवढ्या लांबनं आलासा, पिल्लू तुमच्या मनात भरलं. पाव्हन्याच्या तोंडावर न्हाई कसं म्हनायचं? कुत्री रानात हिंडती, बाप कोन ते तिलाच ठावं."

माझ्या जिवात जीव आला. पाहिलंच नव्हतं कुणी! सगळा लांडगा आप्पांच्या तोंडून निघाला होता आणि दत्तोबाच्या मानपानात मोठा झाला होता. घाट उतरताना मी खुशीत बडबड करत होते. आप्पा खिडकीबाहेर बघत होते. कात्रजकडे वळणारा रस्ता मागे पडल्यावर ते एवढंच म्हणाले, "म्हंजी साधंच कुत्रं हाय."

मला वाटलं, आता त्यांचा त्यातला रस संपणार. पुण्यात माणसं कुत्र्याची जात आधी विचारतात, नाव नंतर. पण घरी आल्यावर आप्पा सरळ सुभेदारासमोर जाऊन बसले. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग आप्पांनी त्याच्या गळ्यातला तो रुंद पट्टा सोडवला. पट्ट्याखालची कातडी सोलवटली होती. आप्पांनी तिथे हळद-तेल लावलं आणि लावता लावता त्यांचे डोळे भरून आले. "बोलायचं न्हाई व्हय रं, रुततंय म्हनून?" ते त्याला रागावले.

त्या दिवसापासून साखळी गेली. मटण गेलं आणि दूध-भाकरी आली. ती त्याला इतकी आवडायची, की मी भाकरी थापायला बसले की तो परातीशी येऊन बसायचा. आप्पा सकाळी उठल्याबरोबर त्याला हाक मारायचे, कार्यालयाच्या आवारात दोघं फेऱ्या घालायचे, दुपारी आप्पांच्या पलंगाखाली तो झोपायचा. गेटजवळची खुर्ची रिकामी राहायला लागली. कुणी पाहुणा विचारायला आला, "आप्पा, लांडगा कुठंय?" तर आप्पा म्हणायचे, "कसला लांडगा? देशी कुत्रं हाय. भाकर खातंय." ते स्वतः पालिकेच्या कचेरीत जाऊन चौकशी करून आले, की परवान्याला काय काय लागतं. फोटोसाठी त्यांनी सुभेदाराला आंघोळ घातली. मला ते बघून इतकं बरं वाटायचं, की माझी सगळी चौकशीची हौसच मावळली. काय असेल ते असो, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

मॅडम आल्या त्या सकाळी कार्यालयात लग्न होतं. जीपमागे एक छोटा टेम्पो होता आणि त्यात पिंजरा होता. तो बघूनच मी समजले. मॅडमनी आवाज अगदी खाली ठेवला. "आप्पा, तुम्ही पहिल्या दिवशी म्हणाला होता ते बरोबर होतं. रक्ताच्या तपासणीत आलंय, बाप लांडगाच आहे. शंकेला जागा नाही."

आप्पांनी सुभेदाराच्या मानेवर हात ठेवला. मीच भांडले. कायद्यात नाव नाही ना, मग कुठल्या नावानं नेता? दोन वर्षं तो माणसांत राहिलाय, त्यानं कुणाला साधं खरचटलंही नाही, याची कुठे नोंद आहे का? मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "ताई, मला हे आवडतं असं समजू नका," त्या म्हणाल्या. "पण आज याला ठेवू दिला, तर उद्या लोक मुद्दाम अशी पिलं करून विकतील. तुमच्याकडेच किती जणांनी पिलू मागितलं होतं, आठवा." ते खरं होतं. निम्म्या गावानं मागितलं होतं.

"भेटायला येता येईल का?" इंद्रजीतनं विचारलं.

"नाही. तिथे माणसांची सवय मोडायची असते."

पिंजऱ्याचं दार उघडलं, पण सुभेदार आत जाईना. टेम्पोतल्या दोघांनी ढकलून पाहिलं तर तो जमिनीला चिकटून बसला. त्याला गुंगीचं इंजेक्शन द्यायचं ठरायला लागलं. तेव्हा आप्पा पुढे झाले. ते वाकले, स्वतःचा हात पिंजऱ्यात घातला आणि रोज सकाळसारखी हाक मारली, "सुभेदार, ये." तो उठला आणि आत गेला.

दार बंद झालं. एव्हाना वऱ्हाडी जमले होते, फोन वर धरून चित्रण चाललं होतं. फ्लेक्सवरच्या शुभेच्छुकांमधला एकजण मोठ्यानं ओरडला, "आप्पा, म्हंजी खरंच लांडगा व्हता की हो! तुमीच खरं बोललासा!" टाळ्याही वाजल्या दोन-चार. दोन वर्षांपूर्वी याच टाळ्यांसाठी आप्पांनी काय दिलं नसतं.

आप्पांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. ते टेम्पोच्या मागच्या दाराशी मॅडमसमोर हात जोडून उभे होते.

"तितल्या लोकांना येवढं सांगा," ते म्हणाले. "हाक मारली की येतंय त्ये."