परीक्षेच्या सकाळचा प्रिंटर

"आवं, पन तुमी करनार काय तितं जाऊन? दिसतंय का तुमास्नी?"

अख्तरबी दारात आडवी उभी होती. मोहिद्दीन मुजावर पायानं चपला चाचपडत होते. बाहेर कॉलेजचा शिपाई गुंडा मोटारसायकल चालूच ठेवून थांबला होता.

"चाची, लय नड हाय म्हनून आलोय. आज परीक्षा आन् प्रिंटर बंद पडलाय. मायाताई म्हनल्या, मामास्नी घेतल्याबिगर येऊ नगंस."

"डोळं गेल्यापासनं कुनी फिरकलं न्हाई इकडं," अख्तरबी म्हणाली. पण बोलता बोलताच ती वाकली आणि चपलांची जोडी नवऱ्याच्या पायाशी सरळ करून ठेवली. "सावकाश न्ये रं बाबा."

विट्याजवळच्या त्या कॉलेजात मोहिद्दीन शिपाई म्हणून लागले होते. संगणकाची खोली झाडता झाडता संगणक शिकले. मशीनं जुनी झाली, नवी घ्यायची कॉलेजची ऐपत नव्हती. तेव्हा ह्याला विचार, त्याला विचार, करत करत त्यांनी त्यांवर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली बसवली आणि भंगारात निघालेली मशीनं पुन्हा कामाला लागली. पुढं लॅबचं सगळं त्यांच्याकडेच आलं. पोरं त्यांना मुजावरमामा म्हणत. मग साखरेच्या आजारानं डोळे खाल्ले. शेवटी शेवटी पडद्याला नाक लावून काम करायचे. निरोपाचा नारळ हातात पडला तेव्हा तो कोणी दिला, हेही त्यांना दिसलं नव्हतं. त्यानंतर त्यांनी कॉलेजात पाऊल टाकलं नव्हतं. कुणी हात धरून चालवलेलं त्यांना सोसायचं नाही.

गाडीवर मागं बसून ते गुंडाचा खांदा घट्ट धरून होते. मनात एकच घोळत होतं. नाही जमलं तर? आंधळा माणूस उगीच मिरवायला आला, असं झालं तर?

फाटकाशी माया उभी होती. ती परीक्षा विभागातली क्लार्क. लॅबचं कामही मामांकडूनच शिकली होती. तिनं त्यांचा दंड धरला. "मामा, पुढं पायरी आहे."

"पायऱ्या बदलल्या का काय गं?"

"नाही."

"मग सोड."

तिनं हात सोडला. भिंतीला बोटं लावत मामा बरोबर लॅबच्या दारात जाऊन उभे राहिले.

मायानं भराभरा सांगितलं. प्रश्नपत्रिका आता विद्यापीठातून थेट संगणकावर येते आणि तिथंच छापावी लागते. नोंद झालेलं मशीन हे एकच, कागद बाहेरून छापून आणायची सोय नाही. पेपर यायला अजून अवकाश होता, म्हणून तिनं आधीच चाचणीचं पान काढून पाहिलं, तर प्रिंटर हूं की चूं करेना. खोलीत फोन न्यायला बंदी, म्हणून फोनवर विचारता येईना, मामांना बोलावून घ्यावं लागलं.

"प्राचार्य विद्यापीठाला कळवायचं म्हणतायत. पण मामा, पेपर पुढं गेला तर सगळ्यांचीच पंचाईत. पोरी कुठनं कुठनं दोन-दोन एसट्या बदलून आल्यात."

"मला खुर्चीवर बसीव आन् पडद्यावर दिसंल त्ये जसंच्या तसं वाच. तुज्या मनाचं काय घालू नगंस."

मामांनी कीबोर्डवर हात फिरवला. दोन खुणेच्या कळांवरचे उंचवटे बोटांना लागले आणि बाकीची बोटं आपसूक आपापल्या जागी गेली. त्यांचा चेहरा सैल झाला. आधी त्यांनी वायर तपासायला लावली, प्रिंटरच्या पाठीवर हात ठेवून तो गरम आहे की नाही ते पाहिलं. मग स्वतः आज्ञा टाइप केली.

"काय म्हनतंय?"

"रांगेत पाच कामं अडकलीत. आणि खाली, वेटिंग फॉर प्रिंटर टू बिकम अव्हेलेबल."

"म्हंजी प्रिंटर गावंना झालाय त्येला."

त्यांनी अडकलेली कामं काढून टाकली आणि छपाईची सेवा नव्यानं सुरू केली. माया पासवर्ड टाकायला लागली, तशी त्यांनी सवयीनं मान दुसरीकडं वळवली. मायाला ते बघवेना.

पान काही आलं नाही. पडद्यावर पुन्हा तेच वाक्य.

दारातून प्राचार्यांचा आवाज आला. "मुजावर, खरं सांगा. होण्यासारखं आहे का? नसेल तर मी फोन करतो."

मामांच्या कपाळावर घाम आला. वायर ठीक, वीज ठीक, सेवा ठीक. पूर्वी अशा वेळी ते पडद्याकडं टक लावून बसत आणि काहीतरी सापडायचं. आता पुढ्यात नुसता काळोख.

"सर, जरा दम धरा," ते म्हणाले, आणि मायाकडं वळले. "ह्यो शेवटचा कवा चालला हुता?"

"गेल्या आठवड्यात. मग कागद अडकायला लागला म्हणून सांगलीला दुरुस्तीला धाडला. कालच आला."

"काय केलं त्येला?"

"रोलर बदलला. आणि आतलं एक कार्ड जळलं होतं, तेही नवं घातलं म्हणाला."

मामांनी मांडीवर थाप मारली. "आगं, मग आसं सांग की! कार्ड बदललं म्हंजी प्रिंटरचा नंबर बदलला. संगणकाकडं जुन्या नंबराचा पत्ता हाय. प्रिंटर हितं त्येच्या म्होरं हुबा, आन् त्यो जुन्याचीच वाट बघत बसलाय."

त्यांनी जोडलेल्या प्रिंटरांचे पत्ते मागवले. मायानं एकेक अक्षर वाचलं. मग जुना पत्ता वाचला. नाव तेच, शेवटचे आकडे मात्र वेगळे.

"आता तू बस," मामा खुर्चीवरून उठले. "नवा पत्ता तुज्या हातानं घाल. मी सांगतो."

"तुम्हीच घाला ना मामा, वेळ—"

"हाय येळ. बस."

ते तिच्या पाठीशी उभं राहून सांगत गेले, ती टाइप करत गेली. एकदा चुकली. "मशीन मानत नाही," म्हणाली. "आवतरणचिन्ह सुटलं आसंल, बघ," मामा म्हणाले. ते खरंच सुटलं होतं. तिनं पुन्हा टाइप केलं.

मग प्रिंटरच्या पोटात काहीतरी फिरलं, कागद खसकन आत ओढला गेला आणि गरम पान बाहेर पडलं. मायानं ते मामांच्या हातात दिलं. त्यांनी ते उगीचच दोन्ही बाजूंनी चाचपून पाहिलं.

"मुजावर," प्राचार्य म्हणाले, आणि त्यांनी मामांचे दोन्ही हात हातात धरले. या वेळी मामांनी ते सोडवून घेतले नाहीत.

पेपर यायची वेळ झाली. नियमाप्रमाणं आता खोलीत परक्या माणसाला थांबता येत नव्हतं. मायाला हे सांगायला जड जात होतं. मामा स्वतःच बाहेर पडले आणि परीक्षेच्या वर्गाबाहेर व्हरांड्यातल्या बाकावर टेकले. शेजारच्या लॅबमधून प्रिंटरचा एकसुरी आवाज येत होता. थोड्या वेळानं तो थांबला, घंटा झाली, वर्गांमधून कागद वाटल्याची सळसळ ऐकू आली.

तेवढ्यात पायऱ्यांवरून कुणीतरी धावत वर आलं. धापा टाकणारा मुलीचा आवाज होता. बहुतेक एसटी चुकली असावी.

"मामा, माझी बॅग इथं ठेवते. बघाल का जरा?"

"बघतो की. जा तू, सावकाश लिही."

ती आत पळाली. मामांना दिसत नाही, हे तिला कळलंच नव्हतं.

गुंडा आला. "चला मामा, घरी सोडतो. चाची वाट बघत आसंल."

"पेपर सुटू दे," मामा म्हणाले.

त्यांनी बॅग चाचपून जवळ ओढली, तिच्यावर हात ठेवला आणि वर्गाच्या दाराकडं तोंड करून ताठ बसून राहिले.