डाव्या गालातला पहारेकरी

मी त्याच्या डाव्या गालातून बोलतोय. दिसायला मी काहीच नाही. गालाच्या आतल्या अस्तरात, एका पेशीत गुंडाळून ठेवलेलं एक जनुक. गालात राहतो, त्यामुळे माणसांचं बोलणं आयतंच ऐकू येतं.

माझं काम पहाऱ्याचं. एका पेशीच्या दोन होण्याआधी मी तिला तपासायचं. बिघाड दिसला तर थांबवायचं, दुरुस्ती करून घ्यायची. दुरुस्ती होण्यासारखी नसेल, तर तिला मरायला सांगायचं. हे शेवटचं काम ऐकायला वाईट वाटतं, पण ते होत होतं म्हणून तो इतकी वर्षं सुखानं जेवला. आम्ही दोघं होतो. मी त्याच्या आईकडून आलेलो, माझा जोडीदार वडिलांकडून.

माझा मालक सोफ्यांना आणि खुर्च्यांना गाद्या बसवणारा. दुकानात तो आणि त्याची ताई. ती कव्हरं शिवायची, हा ती लाकडावर ठोकायचा. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात ताणलेलं कापड, म्हणून छोटे खिळे तोंडात. जिभेनं एकेक खिळा ओठांवर आणायचा. ताई म्हणायची, तू घटकाभर गप्प बसतोस, ते या खिळ्यांचे उपकार.

खिळे उजव्या गालात असायचे. डाव्या गालात तंबाखू.

सव्वीस वर्षं ती माझ्या अंगावर झिरपली. मी ज्या अक्षरांनी लिहिलेला आहे, त्यातलं एक मध्ये कधीतरी बदललं. कधी, ते मला कळलं नाही. मी पहाऱ्यावरच आहे, अशी माझी समजूत होती.

मग गालात पांढरा चट्टा आला, मग जखम. तो म्हणाला, खिळा टोचला असेल. त्यांच्या धंद्यात ते कुणालाही पटलं असतं. ताईनं मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या. चार महिने गेले. एका दुपारी तो आरामखुर्चीची पाठ ठोकत असताना ती समोर कापड धरून बसली होती. एकदम म्हणाली, तोंड उघड. त्यानं खुणेनंच सांगितलं, खिळे आहेत. ते काढ आणि उघड, ती म्हणाली.

त्यानं खिळे तळहातावर काढले. तिनं वाकून पाहिलं.

"खिळे तू उजवीकडं ठेवतोस," ती म्हणाली. "जखम डावीकडं आहे."

कापड सैल पडलं. ते परत कुणीच ताणलं नाही.

शस्त्रक्रिया झाली, किरणं झाली. आठ महिन्यांनी गाठ पुन्हा आली. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नव्या उपचाराबद्दल सांगितलं. अजून चाचणीवर आहे, खात्री देता येत नाही, म्हणाल्या. निरुपद्रवी केलेल्या विषाणूत एक चांगलं जनुक भरायचं आणि ते सुईनं गाठीत सोडायचं.

"मग याचं मूळचं कुठं गेलं?" ताईनं विचारलं.

"गेलं नाही, तिथंच आहे. पण बिघडलंय. आणि नुसतं बिघडून थांबलं नाही, शेजारच्या चांगल्याच्या कामातही मोडता घालतंय."

कुणाबद्दल बोलतायत, म्हणून मी आजूबाजूला पाहिलं. आत आम्ही दोघंच होतो. जोडीदार माझ्याकडं बघत होता. माझ्यामुळे त्याला कित्येक वर्षांत काही करताच आलं नव्हतं.

मी अजून त्या वाक्यातून बाहेर आलेलो नाही. ज्या पेशीला थांबवायचं, तिला मीच पुढं जाऊ दिलं. रोज, पहाऱ्यावर उभं राहून.

आज सकाळी सुई टोचली. तो नवा आला. हुबेहूब मी, मालकाच्या आईनं मला जसं दिलं होतं, तसा. त्यानं मला नमस्कारसुद्धा केला नाही, थेट तपासायला लागला. माझी पेशी दुरुस्तीच्या पलीकडे गेली आहे, हे त्याला लगेच दिसलं.

बाहेर ताई विचारतेय, हे सगळीकडं पोचतं का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळ्या पेशींपर्यंत पोचत नाही, ताई. वाट बघू या. दुकानात तिनं आता खिळ्यांसाठी एक वाटी ठेवली आहे, ती रोज पुसून ठेवते.

या गालात माझ्यासारखे लाखो आहेत. आपण पहाऱ्यावर आहोत, असंच समजून उभे आहेत. त्यांच्यापर्यंत हा पोचू दे, एवढंच मागणं. माझ्यापर्यंत पोचला आहे. मी जो हुकूम द्यायला हवा होता, तो त्यानं दिला आहे. या वेळी मी मोडता घालणार नाही.