सेहेचाळीस दाब

“खरं सांग, वेन्झेल. रविवारी मिस्साच्या प्रार्थनेत मास्तरांनी मध्येच जे वाजवलं, ते थिएटरातलंच ना?”

फादर हॉयबर्गरनी विचारलं, तेव्हा मी भात्याच्या चामड्याला चरबी चोळत होतो. आमच्या चर्चमधल्या ऑर्गनला हवा लागते आणि ती मी पुरवतो. पायांनी भाते दाबून, एकवीस वर्षं. ट्रॅक्सलर मास्तर सकाळी इथं देवासाठी वाजवतात आणि संध्याकाळी व्हिएन्नाच्या याच उपनगरातल्या थिएटरात प्रहसनांना चाली लावतात. फादरांना हा दुहेरी संसार कधीच रुचला नव्हता. आता वेदीची वस्त्रं सांभाळणाऱ्या पिख्लरबाईंनी कागाळी केली होती, की मिस्सात थिएटरातल्या, धुराडी साफ करणाऱ्या दारुड्या धुराडेवाल्याचं गाणं वाजलं. खरं निघालं तर मास्तरांची नोकरी जाणार, आणि तिच्याबरोबर चर्चमागच्या दोन खोल्याही.

थिएटरची पायरी चढत नाही म्हणणाऱ्या बाईंना ते गाणं ओळखू कसं आलं, हे मी विचारलं नाही. मनात टिपून ठेवलं.

“मला या झग्यात तिथं जाता येत नाही,” फादर म्हणाले. “तू ऐकून ये.”

मला सुरांतलं कळत नाही, पायांना कळतं. कशाला किती दाब लागले, ते विसरत नाहीत. रविवारच्या त्या तुकड्याला सेहेचाळीस लागले होते.

गुरुवारी वरच्या सज्जात जाऊन बसलो. पास मास्तरांनीच दिलेला. म्हणजे चोर पकडायचा तोही चोराच्याच पाहुणचारात. दुसऱ्या अंकात धुराडेवाला झोकांड्या खात आला, गाऊ लागला. लोक हसून लोटपोट. लय जलद होती, पण माझा पाय आपोआप फळी दाबायला लागला. सेहेचाळीस.

सापडले, म्हटलं. पण पाय गप्प बसेनात. हे सेहेचाळीस पायांनी फार पूर्वीही दाबले होते. अकरा वर्षांपूर्वी, जानेवारीत, मास्तरांची सहा वर्षांची मुलगी रेझी गेली, तिच्या अंत्यविधीला. प्रहसन तर यंदाचं.

सकाळी मास्तरांना ऑर्गनपाशी गाठलं. आधी कुठलं, रेझीचं की धुराडेवाल्याचं, एवढंच विचारलं. ते पट्ट्या पुसत राहिले.

“रविवारी तारीख तीच होती,” ते म्हणाले. “तिला पोचवायला सात माणसं आली होती, वेन्झेल. बर्फ पडत होता, सगळ्यांना घाई. कुणाच्या लक्षात राहिलं? थिएटरातून रोज चारशे माणसं ते गुणगुणत घरी जातात.”

“पण दारुड्याच्या तोंडी, मास्तर?”

“रडकं गाणं कोण गुणगुणतं?” मग हळूच म्हणाले, “फादरांना सांगू नकोस. ते प्रवचनात सांगतील. मग लोक हसायचे थांबतील.”

दुपारी फादरांपुढे उभा राहिलो. “मोजलं, फादर. इथं सेहेचाळीस, तिथं एकावन्न. गाणं निराळं आहे.”

एकवीस वर्षांत चुकीचा आकडा दिला तो हाच. फादर बराच वेळ माझ्या पायांकडे बघत राहिले. पिख्लरबाईंना पुन्हा विचारतो म्हणाले.

“जरूर विचारा. कुठल्या रांगेत बसून ऐकलं, तेही विचारा.”

फादरांनी विषय बंद केला.

शनिवारी वेदीची वस्त्रं आणायला गेलो. पिख्लरबाई पाठमोऱ्या उभ्या राहून इस्त्री करत होत्या आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होत्या. मी टोपी काढून दाराबाहेरच थांबलो. सेहेचाळीस पुरे झाल्यावर आत गेलो.