गालावरची रेघ

मित्रांनो, जरा घाईत बोलतो, माफ करा. मी एक जुना अर्धा डॉलर आहे, चांदीचं नाणं. अमेरिकेत घडलो, दोनशेहून जास्त वर्षं या हातातून त्या हातात फिरलो आणि शेवटी कुरिअरच्या पाकिटातून तळवड्याला रविराजच्या घरी आलो.

रविराज चाकणच्या एका कंपनीत पत्रा दाबायचे ठसे, म्हणजे डाय, बनवतो. म्हणूनच त्याला माझं वेड. माझ्यावर एक बाई आहे आणि भोवती तारे. ज्या ठशानं मला घडवलं, त्याला नुकताच तडा गेला होता. त्या फटीत माझी चांदी शिरली आणि बाईच्या गालापासून ताऱ्यापर्यंत केसाएवढी रेघ उमटली. रविराजच्या डब्यात त्याच ठशाची माझी भावंडं आहेत. कुणावर रेघ नाहीच, कुणावर ती चांगली जाडजूड. तडा कसा वाढत गेला हे ती सांगतात, पण सुरुवात कुठून झाली ते फक्त मी सांगू शकत होतो. माझा काळेपणाही रविराजला हवा होता, कारण काळ्यावर रेघ उठून दिसायची.

त्या रेघेच्या फोटोसाठी त्यानं काय कमी खटपट केली? दोन दिवे, मोबाइलचं स्टँड, खाली काळं कापड. कधी उजेड नुसता चमकायचा, कधी बाईचं नाकच गायब. काल कुठे दिवा तिरपा धरल्यावर रेघ नीट दिसली. तेवढ्यात कंपनीतून फोन आला, मशीन बंद पडलं होतं. मला टेबलावर तसाच ठेवून तो पळाला.

त्याची आई सुभद्राबाई लक्ष्मीपूजनासाठी चांदीची भांडी घासत बसल्या होत्या.

"आगं बया, लक्षुमी आशी काळीठिक्कर ठिवत्यात व्हय?" म्हणत त्यांनी मला उचललं. दंतमंजन आणि तारेची घासणी. मला तोंड असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. गालभर ओरखडे उठले आणि त्या गर्दीत माझी रेघ हरवली.

रविराज परत आला. त्यानं मला दिव्याखाली धरलं, फिरवून पुन्हा धरलं. त्याचा चेहरा उतरला.

"कशी लखलखली बघ," सुभद्राबाई गुडघे चोळत म्हणाल्या.

"लई भारी, आई."

"मंग डब्यातली बी काढून ठिव. उद्या घासते."

"ऱ्हाऊ दे की. गुडघं दुखत्यात तुझं."

"त्याला काय हुतंय."

घासल्यानं रेघ गेली हे त्यानं सांगितलंच नाही. सकाळी सांगू म्हणाला असेल मनाशी. सकाळी आई झोपलेली दिसली आणि हा शिफ्टला निघून गेला. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

आता डबा त्यांच्या पाटाशेजारी आहे. माझं जे व्हायचं ते झालं. माझी भावंडं तरी वाचवा. मित्रांनो, आपल्या माणसाचं मन राखायचं म्हणून गप्प बसत जाऊ नका. कुणीतरी सुभद्राबाईंना सांगा. त्या ऐकतील हो. त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.